मिसिसिपीचा ध्वज, १८९४ ते २०२१: वारसा की द्वेष या वादाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मिसिसिपी राज्याच्या जुन्या ध्वजावर निळा, पांढरा आणि लाल असे तीन आडवे पट्टे होते. त्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. सगळा वाद खांबाकडच्या वरच्या कोपऱ्याचा. तिथे लाल चौकोनावर तिरकी निळी फुली होती आणि फुलीत १३ पांढरे तारे. हे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कॉन्फेडरेट, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या, सैन्याचं निशाण. अमेरिकेतल्या इतर राज्यांनीही हे चिन्ह कधी ना कधी मिरवलं, पण राज्यध्वजातून ते सर्वांत शेवटी काढलं ते मिसिसिपीने, २०२० साली. ते का निघालं यापेक्षा इतकी वर्षं का निघालं नाही आणि मग अवघ्या काही दिवसांत कसं निघालं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. अशा चिन्हांचे वाद जगात अनेक ठिकाणी अडून बसलेले आहेत, आणि इथे त्या अडण्याची यंत्रणा स्पष्ट दिसते.

आधी इतिहास. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी संघराज्यातून फुटलं. फुटण्याची कारणं सांगणारा जाहीरनामा राज्याने स्वतःच प्रसिद्ध केला. आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे. १८६० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ९१ हजार होती आणि त्यातली ४ लाख ३६ हजारांहून अधिक माणसं गुलाम होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असं पुढे पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. तो हक्क नेमका कशाचा होता, ते या कागदावर लिहिलेलं आहे.

फुलीचं निशाण रणांगणावरच्या गरजेतून आलं. कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या ध्वजाशी इतका मिळताजुळता होता की जुलै १८६१ मध्ये मनॅससच्या लढाईत आपलं कोण नि शत्रूचं कोण, हे धुरात ओळखू येईना. म्हणून व्हर्जिनियातल्या सैन्याने वेगळं निशाण घेतलं. इथपर्यंत ही फक्त सैनिकांची सोय होती. १८६३ मध्ये मात्र तेच निशाण पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून दुसरा राष्ट्रध्वज केला गेला. सव्हॅनातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने हा गोऱ्या माणसाचा ध्वज आहे, अशा शब्दांत त्याची भलावण केली होती. हा अर्थ नंतर कुणा टीकाकाराने चिकटवलेला नाही, तो ध्वजाच्या चाहत्यांनीच त्या काळात सांगितलेला आहे.

मिसिसिपीने हे चिन्ह राज्यध्वजात घेतलं ते युद्ध संपून २९ वर्षं झाल्यावर, फेब्रुवारी १८९४ मध्ये. त्याआधी चारच वर्षं, १८९० मध्ये, राज्याने नवं संविधान केलं होतं. मतदानासाठी डोईपट्टी आणि साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांना मतदार यादीतून बाहेर काढणं हा त्याचा उघड हेतू होता. ध्वज निवडणाऱ्या सभागृहात कोण बसलं असेल, हे यावरून समजतं. राज्यातली निम्म्याहून अधिक माणसं त्या निर्णयात नव्हतीच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

वारशाची बाजू खोटी किंवा दिखाऊ आहे असं मानून पुढे गेलं तर हे प्रकरण कळणार नाही. मिसिसिपीतल्या असंख्य गोऱ्या कुटुंबांत खापरपणजोबा त्या युद्धात गेले होते. १८६३ च्या उन्हाळ्यात व्हिक्सबर्गला ४७ दिवस वेढा पडला होता. शहरातले लोक टेकड्यांत गुहा खोदून राहिले, आणि ४ जुलैला शहर शरण आलं. या आठवणी घरात सांगितल्या गेल्या, कबरींवर फुलं वाहिली गेली. या माणसांना ध्वज काढणं म्हणजे आपल्या पूर्वजांना गुन्हेगार ठरवणं वाटे. त्यांचं हे दुःख मला खरं वाटतं.

अडचण अशी की वारसा एवढाच नाही. याच मिसिसिपीतून १७,००० हून अधिक कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या सैन्यात भरती झाले. तेही मिसिसिपीचेच, तेही त्याच युद्धात लढले, आणि त्यांचेही खापरपणतू आजच्या मिसिसिपीत राहतात. व्हिक्सबर्गच्या रणभूमीवर त्यांचं स्मारक व्हायला २००४ साल उजाडावं लागलं. 'आमचा वारसा' म्हणताना 'आमचा' मध्ये ही माणसं धरली जात नव्हती. मला या वादाचं मूळ इथे दिसतं. ध्वज घरात लावणाऱ्याच्या मनात द्वेष असेल किंवा नसेलही. पण राज्याच्या खांबावर तो चढला की राज्य एकाच बाजूच्या पूर्वजांना आपले म्हणतं.

शिवाय विसाव्या शतकात या चिन्हाचा वापर कुणी, कधी केला ते पाहावं लागतं. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणाला विरोध म्हणून डेमोक्रॅटिक पक्षातून दक्षिणेतला एक गट फुटला. मिसिसिपीचे गव्हर्नर फील्डिंग राइट त्याचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्या गटाच्या सभांमध्ये हे निशाण फडकलं. १९५६ मध्ये जॉर्जियाने ते आपल्या राज्यध्वजात घेतलं. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वर्णविभाजन बेकायदा ठरवलं होतं. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घ्यायला आला तेव्हा तिथे दंगल उसळली आणि दोन जण मारले गेले. हे निशाण तेव्हा प्रवेशाला विरोध करणाऱ्यांच्या हातात होतं. आजोबांच्या कबरीवरचं चिन्ह आणि विद्यापीठाच्या दारात एका विद्यार्थ्याला अडवणारं चिन्ह एकच होतं. ज्यांना वारसा जपायचा होता त्यांनी त्या वेळी हा गैरवापर थांबवायला हवा होता. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी तसं केलं.

प्रश्न कसा उभा राहिला

१९९३ मध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने ध्वजाविरुद्ध खटला भरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २००० मध्ये दिलेला निकाल चमत्कारिक होता. ध्वजामुळे कुणाच्या घटनात्मक हक्काचा भंग होत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण १९०६ मध्ये राज्याचे कायदे नव्याने संकलित झाले तेव्हा १८९४ चा ध्वजाचा कायदा त्यात घेतलाच गेला नव्हता. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं मिसिसिपीला अधिकृत राज्यध्वजच नव्हता! काय करायचं ते विधिमंडळाने आणि गव्हर्नरने ठरवावं, असं सांगून न्यायालयाने विषय सोडून दिला.

यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळते. काढायचं काही नव्हतंच. कायद्याच्या दृष्टीने पाटी कोरी होती आणि फक्त नवा ध्वज निवडायचा होता.

पहिला निर्णय: २००१ चं सार्वमत

गव्हर्नर रॉनी मस्ग्रोव्ह यांनी एक आयोग नेमला. माजी गव्हर्नर विल्यम विंटर त्याचे अध्यक्ष झाले. शिक्षण सुधारणांमुळे त्यांना राज्यात मान होता. आयोगाने राज्यभर जाहीर सुनावण्या घेतल्या आणि त्या हाताबाहेर गेल्या. लोक ओरडत होते, आयोगाच्या सदस्यांना शिव्या ऐकाव्या लागत होत्या. प्रत्येक वक्ता उठून ध्वज त्याच्यासाठी काय आहे हे सांगत होता, आणि समोरचा ते खोटं आहे असं सांगत होता. अशा सुनावणीतून तडजोड निघणं अशक्यच होतं. एखाद्याच्या मनातला अर्थ मतदानाने किंवा युक्तिवादाने खोडता येत नाही.

आयोगासमोर आणि विधिमंडळासमोर तीन वाटा होत्या. विधिमंडळाने स्वतः नवा ध्वज ठरवायचा, जुनाच पुन्हा कायद्यात आणायचा, किंवा लोकांना विचारायचं. आमदारांनी तिसरी वाट घेतली. मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव होते: १८९४ चा ध्वज, किंवा निळ्या चौकोनात २० तारे असलेला नवा ध्वज. मिसिसिपी हे संघराज्यात आलेलं विसावं राज्य, म्हणून २० तारे. १७ एप्रिल २००१ रोजी मतदान झालं आणि सुमारे ६४ टक्के मतं जुन्या ध्वजाला पडली. गोरे आणि कृष्णवर्णीय मतदार बहुतांशी आपापल्या बाजूला राहिले.

लोकांना विचारणं वरवर पाहता लोकशाहीच. तरी मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि त्याची कारणं मांडतो. राज्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा हे जास्त, पण बहुमत नव्हे. ज्या चिन्हाविषयी तक्रारच अशी आहे की ते बहुसंख्यांचं आहे, त्याचा निवाडा बहुसंख्यांवर सोपवला की निकाल आधीच ठरतो. दुसरं, मतपत्रिकेची मांडणी. एका बाजूला घरोघरी परिचित असलेला ध्वज आणि दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांपूर्वी रेखाटलेला, कुणाच्याही जिव्हाळ्याचा नसलेला नमुना. ज्याला जुना ध्वज फारसा आवडत नव्हता, पण नवाही पटला नव्हता, त्याचं मत जुन्याकडेच गेलं असणार.

तिसरा परिणाम सर्वांत लांबचा ठरला. पुढची १९ वर्षं ध्वजाचा विषय निघाला की एकच उत्तर येई: लोकांनी ठरवलंय. न्यायालयाने जी जबाबदारी विधिमंडळाकडे दिली होती ती त्याने लोकांवर टाकली आणि वर त्यालाच ढाल केलं.

शेजारच्या जॉर्जियाचं उदाहरण आमदारांच्या डोळ्यांसमोर होतं. तिथे गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी २००१ च्या सुरुवातीला विधिमंडळाकडून ध्वज बदलून घेतला, आणि २००२ ची निवडणूक ते हरले. हरण्याची कारणं इतरही होती, पण दक्षिणेतल्या राजकारण्यांनी त्यातून धडा घेतला तो ध्वजाचाच. २००३ मध्ये जॉर्जियाने पुन्हा ध्वज बदलला. आजचा ध्वज कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजावर बेतलेला आहे. रणांगणावरची फुली लोक ओळखतात, हा ध्वज फारसे ओळखत नाहीत, म्हणून वाद शमला. वाद शमणं आणि प्रश्न सुटणं यांतला फरक दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

मधली वर्षं: २०१५ ते २०१९

१७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टन शहरातल्या एका चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. हे निशाण हातात घेतलेले त्याचे फोटो नंतर जगभर पसरले. साउथ कॅरोलायनाने १० जुलैला विधानभवनाच्या आवारातला ध्वज उतरवला. मिसिसिपीत प्रतिनिधीगृहाचे सभापती फिलिप गन यांनी राज्यध्वजातून हे चिन्ह जायला हवं, असं जाहीरपणे सांगितलं. ते रिपब्लिकन होते आणि बॅप्टिस्ट चर्चचे पदाधिकारीही, आपल्या श्रद्धेचा हवाला देऊन ते बोलले. तरी एकही विधेयक पुढे सरकलं नाही. त्यानंतर दरवर्षी विधेयकं आली आणि समितीतच मेली.

बदल खालून सुरू झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या विद्यार्थी सिनेटने ठराव केला आणि विद्यापीठाने ध्वज उतरवला. मेरेडिथ यांना अडवणारी दंगल याच आवारात झाली होती. २०१६ संपेपर्यंत राज्यातल्या आठही सरकारी विद्यापीठांनी तेच केलं. अनेक शहरांनीही केलं. राज्याचा ध्वज राज्याच्याच संस्था लावेनाशा झाल्या. माझ्या वाचनात या वर्षांकडे फार कुणी लक्ष देत नाही, पण २०२० चा निर्णय शक्य झाला तो यामुळे. ध्वजाशिवायही राज्य तसंच चालतं, कुणाचे पूर्वज पुसले जात नाहीत, हे लोकांनी पाच वर्षं रोज पाहिलं होतं.

दुसरा निर्णय: जून २०२०

२५ मे २०२० रोजी मिनिॲपोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि देशभर निदर्शनं उसळली. मिसिसिपीत ध्वजाचा विषय पुन्हा निघाला. विधिमंडळासमोर या वेळी चार पर्याय चर्चेत होते.

काहीच न करणं हा पहिला. दुसरा पुन्हा सार्वमत. गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी २०१९ च्या प्रचारात ध्वज लोकांच्या मताशिवाय बदलणार नाही, असं सांगितलं होतं, त्यामुळे त्यांचा कल तिकडेच होता. तिसरा पर्याय दोन अधिकृत ध्वज ठेवण्याचा. वर्णविभाजनाच्या काळात 'वेगळे पण समान' हे तत्त्व ज्या राज्याने राबवलं तिथे काळ्यांना एक आणि गोऱ्यांना एक ध्वज कसा दिसला असता, हे सांगायला नको. तो पर्याय लवकरच मागे पडला. चौथा, विधिमंडळाने आपल्या अधिकारात ध्वज काढून टाकण्याचा. अधिवेशनात नवं विधेयक आणण्याची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे नियम स्थगित करायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागणार होती. जूनच्या मध्याला ती नव्हती.

ती कशी जमली? याचं उत्तर मनाला फारसं समाधान देणारं नाही. महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएएने १९ जूनला जाहीर केलं की ज्या राज्यात हे चिन्ह ठळकपणे मिरवलं जातं तिथे अजिंक्यपद सामने होणार नाहीत. त्या अटीत प्रत्यक्षात एकच राज्य बसत होतं. ज्या राज्यात महाविद्यालयीन बेसबॉल आणि फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, तिथे हा घाव वर्मी बसला. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या एका आघाडीच्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूने ध्वज बदला, नाहीतर मी या राज्यासाठी खेळणार नाही, असं जाहीर केलं. विद्यापीठांचे प्रशिक्षक विधानभवनात येऊन आमदारांना भेटले. उद्योग आणि व्यापारी संघटना तर २००१ पासूनच बदलाच्या बाजूने होत्या. वॉलमार्टने आपल्या दुकानांतून राज्यध्वज हटवला. आणि २३ जूनला राज्यातल्या बॅप्टिस्ट चर्चच्या संघटनेने बदलाची मागणी केली. हा नैतिक प्रश्न आहे, असं तिने स्पष्ट म्हटलं. खेळ आणि पैशाने आमदारांना घाई करायला लावली, पण मतदारसंघात परत जाऊन तोंड दाखवायचा धीर त्यांना चर्चने दिला, असं माझं वाचन आहे.

वादाची भाषाही याच दिवसांत बदलली. ध्वजाचा खरा अर्थ काय, यावरची चर्चा मागे पडली. या ध्वजाखाली राज्यातले सगळे उभे राहू शकतात का, हा प्रश्न पुढे आला. याला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, आणि ते देण्यासाठी कुणाला आपल्या आजोबांना नावं ठेवावी लागत नाहीत. २७ जूनला खुद्द रीव्ह्ज यांनी सांगितलं की ध्वजावरचा वाद आता ध्वजाइतकाच फूट पाडणारा झाला आहे आणि विधेयक आलं तर मी सही करीन.

काय केलं गेलं

२७ जूनला, शनिवारी, नियम स्थगित करण्यासाठी लागणारी दोनतृतीयांश मतं दोन्ही सभागृहांत मिळाली. रविवारी विधेयक मंजूर झालं: प्रतिनिधीगृहात ९१ विरुद्ध २३, सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४. मंगळवारी, ३० जूनला, गव्हर्नरची सही झाली. विरोधात मत दिलेल्यांचा मुख्य आक्षेप लोकांना विचारलं नाही हाच होता.

विधेयकाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुना ध्वज तात्काळ रद्द. नऊ सदस्यांचा आयोग नवा नमुना सुचवणार. नमुन्यावर दोनच अटी: कॉन्फेडरेट फुली नको, आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे शब्द हवेत. दुसरी अट ही उघड देवाणघेवाण होती. सनातनी ख्रिश्चन मतदाराला सांगता येईल असं काहीतरी आमदारांच्या हाती दिलं गेलं. आयोगाने निवडलेला नमुना नोव्हेंबरमध्ये लोकांपुढे जाणार, आणि नाकारला गेला तर दुसरा नमुना काढून पुन्हा विचारणार. लोकांचं मत घेतलं, पण जुना ध्वज मतपत्रिकेवर नव्हता. २००१ आणि २०२० मधला कळीचा फरक हा क्रमाचा आहे.

१ जुलैला विधानभवनावरचे ध्वज मानवंदना देऊन उतरवले गेले आणि जॅक्सनमधल्या राज्य संग्रहालयाकडे सुपूर्द झाले. जाळपोळ नाही, विटंबना नाही. या इमारतीत इतिहासाचं संग्रहालय आणि नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय एकमेकांना लागून आहेत. ज्यांना तो ध्वज आपला वाटत होता त्यांच्यासाठी हा समारंभ महत्त्वाचा होता असं मला वाटतं, आणि तो करायचं ज्यांना सुचलं त्यांचं कौतुक करायला हवं.

निष्पत्ती

आयोगाकडे हजारो नमुने आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती रूबेन अँडरसन आयोगाचे अध्यक्ष होते. निवडलेल्या ध्वजावर मॅग्नोलियाचं पांढरं फूल आहे, भोवती २० पांढरे तारे आणि वर एक सोनेरी तारा. सोनेरी तारा या भूमीच्या मूळ रहिवाशांसाठी. कॉन्फेडरसी असो वा संघराज्य, दोन्हींच्या आधी इथे असलेल्या माणसांची आठवण राज्यध्वजाने पहिल्यांदा ठेवली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी या ध्वजाला कौल दिला, आणि ११ जानेवारी २०२१ रोजी तो अधिकृत झाला. ज्या राज्याने १९ वर्षांपूर्वी जुन्या ध्वजाला ६४ टक्के मतं दिली होती त्याच राज्याचा हा कौल.

काय वेगळं करता आलं असतं

२००० च्या निकालानंतर विधिमंडळाने हाच क्रम धरायला हवा होता. कायद्याने ध्वज नव्हताच, म्हणजे जुना ध्वज मतपत्रिकेवर ठेवण्याची सक्ती नव्हती. दोन-तीन नवे नमुने निवडून, शाळांतून आणि गावांतून ते वर्षभर दाखवून, मग लोकांना विचारलं असतं तर? जुन्या ध्वजाच्या समर्थकांचा संताप तेव्हाही झालाच असता. पण विद्यार्थ्यांच्या एका पिढीने त्याच ध्वजाखाली शाळा शिकण्याची वेळ आली नसती.

सुनावण्यांची पद्धतही बदलायला हवी होती. ध्वज तुमच्यासाठी काय आहे, असं विचारून लोकांना माईकसमोर उभं केलं की ते भांडणार. राज्याच्या ध्वजावर सगळ्यांचं असं काय असावं, हे विचारलं असतं तर मॅग्नोलियाचं फूल वीस वर्षं आधी पुढे आलं असतं. मिसिसिपीच्या १८६१ च्या राज्यध्वजावरही मॅग्नोलियाचं झाड होतंच.

२०२० मध्येही उणिवा राहिल्या. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एकच नमुना होता. त्यामुळे लोकांना निवड दिलीच नाही असं म्हणायला जागा राहिली, आणि जुना ध्वज परत आणण्यासाठी सार्वमताची मागणी सुरू झाली. मे २०२१ मध्ये वेगळ्याच एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांच्या पुढाकाराने सार्वमत घेण्याची तरतूदच निरुपयोगी ठरवली, म्हणून ती मागणी बारगळली.

आणि घाईत ध्वजापलीकडचं काहीच हाताळलं गेलं नाही. एप्रिलमधला कॉन्फेडरेट स्मृतिदिन राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत कायम राहिला आणि एप्रिल हा कॉन्फेडरेट वारसा महिना म्हणून जाहीर करणंही रीव्ह्ज यांनी ध्वज बदलल्यानंतर चालू ठेवलं. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी मार्टिन ल्यूथर किंग आणि कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ली या दोघांच्या नावाने एकत्रच राहिली. हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. नेहमीच्या अधिवेशनात, मुदतीत आणलेलं साधं विधेयक आणि साधं बहुमत पुरतं.